निवणें आणि विसरणें

मनुष्यानें दुःखांत किती काळ जळत राहावें म्हणजे गेलेल्या माणसाचें ऋण फिटलें असें समजावें, हा प्रश्न या शब्दांत विचारलेला नीतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. तथापि ज्याच्या घरांत तो एकदां शिरला त्यास तो ग्रंथांतील थोरथोर प्रश्नांहून अधिक छळतो. आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं तो शिरला आहे. त्यांची थोरली कन्या एकोणिसाव्या वर्षीं, अवघ्या आठ दिवसांच्या तापानें, गेली. त्या गोष्टीस आतां पावणेदोन वर्षें होतील. मध्यंतरीं एका संध्याकाळीं ते आमच्याकडे आले, चहाचा पेला हातांत तसाच धरून बराच वेळ बसले, आणि म्हणाले, "काल रात्रीं नाटकाला गेलों होतों. दुसऱ्या अंकांत पोट धरधरून हंसलों. घरीं येऊन कुलपाला किल्ली लावीपर्यंत मला तिची आठवण झाली नाहीं. अडीच तास ती माझ्या मनांत नव्हतीच. आतां तुम्हीच सांगा, मी कसला बाप?"

अशा वेळीं जें बोलावयाचें असतें तेंच आम्ही बोललों. काळ हें मोठें औषध आहे, अशा अर्थाचें कांहींसें तें होतें. त्यांनीं मान हलविली. "काळानें मला बरें केलें, हीच तर माझी तक्रार आहे," एवढेंच ते म्हणाले व थोड्या वेळानें उठून गेले. ते गेल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, जें सांत्वन म्हणून आम्हीं पुढें केलें तोच त्यांचा स्वतःवरील आरोप होता. प्रेम खरें असेल तर दुःख निवेल कसें? आणि दुःख निवलें असेल तर प्रेम खरें होतें कशावरून? निवणें म्हणजे विसरणें आणि विसरणें म्हणजे द्रोह, अशी ही दोन कड्यांची सांखळी आहे. ती केवळ शोकालाच लागते असें नाहीं. अन्यायाविरुद्ध पेटलेला मनुष्य कालांतरानें शांत झाला कीं त्याचे सोबती त्याला फितूर म्हणतात, आणि पुष्कळदां तो स्वतःही रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या स्वतःस तेंच म्हणतो.

योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत आमचें वाचन एका अगदीं निराळ्या विषयावर चाललें होतें. पिकलेल्या केळ्यांभोंवतीं जीं बारीक चिलटें भिरभिरतात, ज्यांस शास्त्रज्ञ ड्रॉसोफिला या नांवानें ओळखतात, त्यांच्या डोळ्यांसंबंधीं तें वाचन होतें. आम्ही विज्ञानाचे अध्यापक नव्हे. परंतु आपल्या क्षेत्राचें कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणांत डोकावण्याची खोड आम्हांस जुनी आहे. चिलटाच्या डोळ्यावरून बापाच्या काळजाचा न्याय करूं जाणें हास्यास्पद वाटेल, हें आम्ही जाणतों. या आक्षेपाचा विचार पुढें करूं. आधीं त्या डोळ्यांत काय घडतें तें पाहूं.

या माशीस विज्ञानाच्या दरबारीं मान मिळाला तो १९१० सालीं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत. तेथें टॉमस हंट मॉर्गन यांस लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला, आणि त्यावरून आनुवंशिकतेच्या शास्त्रास नवें वळण लागलें. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ओबेद सिद्दीकी यांनीं याच माशीच्या ज्ञानतंतूंवर व घ्राणशक्तीवर अनेक वर्षें काम केलें. तिच्या प्रत्येक डोळ्यांत सुमारें साडेसातशें ते आठशें बारीक भिंगें असतात आणि प्रत्येक भिंगाखालीं प्रकाश ग्रहण करणाऱ्या आठ पेशी. अशा एका पेशीच्या कडेला हजारों सूक्ष्म अंकुर फुटलेले असतात, आणि त्या अंकुरांत रोडोप्सिन नांवाचें द्रव्य ठासून भरलेलें असतें. प्रकाशाचा एक कण, खरोखर एकच कण, त्या द्रव्याच्या एका रेणूवर पडला कीं तो रेणू आपलें रूप पालटून मेटारोडोप्सिन होतो. तो शेजारच्या प्रथिनास जागें करितो, तें प्रथिन दुसऱ्यास, आणि शेवटीं पेशीच्या भिंतींतील दारें उघडून सोडियम व कॅल्शियम आंत लोटतात. पेशींत विजेचा एक लहानसा हेलकावा उठतो. माशीच्या दृष्टीनें तो एक कण "दिसला" तो असा. हा सगळा खेळ सेकंदाच्या कांहीं शतांशांत आटोपतो.

येथवरचा भाग कोणासही सहज पटेल. आमची समजूत चुकत होती ती पुढच्या भागांत. प्रकाश येणें थांबलें म्हणजे उत्तेजना आपोआप मावळत असेल, तेल संपल्यावर समई विझावी तशी, असें आम्हीं गृहीत धरिलें होतें. वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट आहे. माशीच्या डोळ्यांतील मेटारोडोप्सिन हें मोठें टिकाऊ रूप आहे. त्यास कोणीं आवरलें नाहीं तर प्रकाश गेल्यानंतरही तें आपलें काम करीतच राहतें. संशोधकांनीं पांढऱ्या डोळ्यांच्या माशांवर तीव्र निळा प्रकाश टाकून पाहिलें. अशा प्रकाशानें इतके रेणू एकदम रूप पालटतात कीं त्यांस आवरणारें द्रव्य अपुरें पडतें. आणि मग दिवा मालवला, खोली काळोखी झाली, तरी पेशी तासन् तास उत्तेजितच राहते. बाहेर मिट्ट अंधार असतां तिच्यापुरता प्रकाश चाललेलाच असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, या अवस्थेंत नवा प्रकाश टाकला तरी तिला त्याचा पत्ता लागत नाहीं. ती पेटलेली आहे खरी, परंतु पाहत नाहीं.

तेव्हां विझणें ही क्रिया आहे, क्रियेचा केवळ अभाव नव्हे. तिच्यासाठीं पेशीनें निराळे सेवक ठेवले आहेत. त्यांतील मुख्य म्हणजे अरेस्टिन नांवाचें प्रथिन. तें मेटारोडोप्सिनला जाऊन बिलगतें आणि त्याचा पुढच्या प्रथिनाशीं असलेला संबंध तोडतें. सांखळीच्या प्रत्येक कडीपाशीं असाच एकेक सेवक उभा आहे. कोणी जागें झालेलें प्रथिन निजवितो, कोणी उघडलेलीं दारें लोटतो, कोणी आंत आलेलें कॅल्शियम बाहेर काढतो. या सर्वांस इशारा देणारें कोण, तर बहुतांशीं तें आंत शिरलेलें कॅल्शियमच. अरेस्टिन अंधारांत बांधल्यासारखें बाजूस असतें. कॅल्शियम आंत आल्यावर तें मोकळें होऊन कामास धांवतें, आणि त्यामुळें मेटारोडोप्सिन सुमारें दहापट लवकर आवरतें, असें २००८ सालच्या एका संशोधनानें दाखविलें. म्हणजे उत्तेजनेचें जें फळ तेंच उत्तेजनेच्या शमनाचें बीज. पेशी खऱ्या अर्थानें उत्तेजित झाली म्हणूनच ती लवकर निवते.

ही व्यवस्था बिघडली तर काय होतें, हेंही संशोधकांनीं पाहून ठेवलें आहे. ज्या माश्यांच्या ठिकाणीं अरेस्टिनच्या जनुकांत दोष आहे त्यांवरील प्रयोग १९९३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांच्या पेशींतील उत्तेजना वेळेवर ओसरत नाहीं, आणि अशा माश्यांस उजेडांत ठेविलें तर कांहीं दिवसांत त्या पेशी नष्ट होऊं लागतात. अंधारांत ठेविलें तर त्या टिकतात. ज्या प्रकाशासाठीं डोळा निर्माण झाला तोच प्रकाश, निवण्याची शक्ति नसेल तर, डोळ्यास मारक होतो.

मनुष्याच्या डोळ्याची घडण पुष्कळ निराळी; तरी अरेस्टिनचें नातलग द्रव्य आपल्याही डोळ्यांत हेंच काम करितें. जपानी वैद्य ओगुची यांनीं १९०७ सालीं एका जन्मजात रातांधळेपणाचें वर्णन केलें. हा विकार असलेल्या मनुष्यास दिवसां चांगलें दिसतें. परंतु उजेडांतून अंधारांत गेल्यावर मंद वस्तु दिसूं लागण्यास, आपणांस लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ, कित्येक तास लागतात. पुढें १९९५ सालीं असें सिद्ध झालें कीं, अशा रुग्णांपैकीं कित्येकांत अरेस्टिनच्याच जनुकांत दोष असतो. त्यांचा अंधळेपणा प्रकाश न पोंचल्यामुळें आलेला नसतो. आधीं पोंचलेला प्रकाश निवत नाहीं, म्हणून नंतरचा मंद प्रकाश त्यांस दिसत नाहीं.

आतां आक्षेपाकडे वळूं. निसर्गांत अमुक घडतें, म्हणून मनुष्यानें तसें वागावें, असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. "आहे" यावरून "असावें" कसें निघतें, हा प्रश्न ह्यूमनें १७४० सालीं विचारला. मूरनें १९०३ सालीं आपल्या प्रिन्सिपिया एथिका या ग्रंथांत त्याच जातीच्या प्रमादास झोडपून काढिलें. आम्ही वर्गांत हे दोन्ही आक्षेप इतक्या वेळां शिकविले आहेत कीं, ते स्वतः विसरणें आम्हांस शोभणार नाहीं. माशीच्या पेशी निवतात, म्हणून बापानें निवावें, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. चिलटाला कर्तव्य नाहीं, ऋण नाहीं, कन्या गेल्याचें दुःख नाहीं.

परंतु एक गोष्ट अशा उदाहरणानें होऊं शकते. नैतिक निर्णय पुष्कळदां एखाद्या वस्तुस्थितीच्या समजुतीवर उभे असतात. ती समजूत खोटी ठरली तर तिच्यावर उभारलेला निर्णयही पुन्हां तपासावा लागतो. आमच्या स्नेह्यांनीं स्वतःस दोषी ठरविलें तें एका चित्राच्या आधारें. त्या चित्रांत प्रेम हें समईंतील तेल आहे आणि दुःख ही तिची ज्योत. ज्योत मंदावली म्हणजे तेल संपत आलें, हें त्या चित्रांत ओघानेंच येतें. हेंच चित्र आम्हीही मनांत बाळगून होतों. म्हणून "काळ हें औषध आहे" असें सांगतांना वस्तुतः "तुमचें तेल संपत आलें आहे" असें आम्ही त्यांस सांगत होतों. चिलटाच्या डोळ्यानें एवढेंच दाखविलें कीं, ज्योत मंदावण्याचें दुसरेंही कारण असूं शकतें, आणि तें तेलाच्या अभावाचें नसून दृष्टीच्या आरोग्याचें असूं शकतें. प्रत्येक ठिकाणीं तें तसेंच असतें असें नव्हे. पण तसें असूं शकतें एवढें मान्य केलें कीं, "निवला म्हणजे विसरला" हें अनुमान बाधित झालें. निवल्यानंतर काय शिल्लक राहिलें, हें निराळें पाहावें लागतें.

कोणी म्हणतील, ही पळवाट आहे. मनुष्याचें मन निवण्यांत मुळींच मागें नाहीं, उलट फार तत्पर आहे. त्यास आणखी मुभा कशाला? या म्हणण्यांत तथ्य आहे. १७५९ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या नैतिक भावनांवरील आपल्या ग्रंथांत अॅडम स्मिथनें एक कल्पना मांडली आहे. सारा चीन देश भूकंपानें गडप झाल्याची वार्ता युरोपांतील एखाद्या सज्जनास कळली, तर तो हळहळेल, मनुष्यजीवनाच्या क्षणभंगुरतेवर चार शब्द बोलेल, आणि रात्रीं स्वस्थ घोरेल. पण उद्यां आपली करंगळी कापली जाणार असें कळलें, तर त्यास झोंप लागणार नाहीं. आपणही रोज सकाळीं वर्तमानपत्रांत असे भूकंप वाचतों, आणि पोहे निवण्याच्या आधीं आपण निवलेलों असतों. मग निवण्याची तरफदारी करणें म्हणजे निबरपणाची तरफदारी करणेंच नव्हे काय?

आम्हांस वाटतें, येथें दोन भिन्न गोष्टी एका नांवानें ओळखल्या जातात. स्मिथच्या सज्जनाचें दुःख निवलें असें म्हणणें बरोबर नाहीं. तें पेटलेंच नव्हतें. किरण पेशीपर्यंत पोंचला, हेलकावा उठला, संदेश पुढें गेला आणि मग पेशी निवली, तर त्यास शमन म्हणावें. किरण आलाच नाहीं, किंवा येऊनही आंत कांहीं हाललें नाहीं, तर तें शमन नव्हे. याविषयीं त्या माश्यांत आणखी दोन उदाहरणें आहेत, आणि तीं आम्हांस अधिक बोधप्रद वाटलीं.

पहिलें असें. १९६९ सालीं कॉझेन्स आणि मॅनिंग यांनीं एका विशिष्ट माशीचें वर्णन प्रसिद्ध केलें. मंद उजेडांत ती नीट वागते. पण प्रखर उजेड कांहीं वेळ राहिला कीं आंधळ्यासारखी वागूं लागते. तिच्या पेशींत उत्तेजना उठते, परंतु प्रकाश चालू असतांनाच ओसरून जाते. पेशीच्या भिंतींतील मुख्य दारच तिच्या ठिकाणीं सदोष असतें, असें पुढें कळून आलें. दुःखाचें कारण डोळ्यांसमोर उभें असतांनाच ज्यांचें मन निवतें, घरांतील आजारी मनुष्य अजून कण्हत असतां ज्यांस त्याचें कण्हणें ऐकूं येईनासें होतें, ते या जातीचे. अन्याय अजून चालला असतां त्यावरील संताप ओसरला, तर तेंही असेंच. बिशप बटलर यानें १७२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत संतापाची बाजू मोठ्या समतोलपणें घेतली आहे. अपकारापासून रक्षण व्हावें म्हणून हा विकार आपल्या ठिकाणीं ठेविला आहे, आणि त्याची मर्यादा सुटली म्हणजे तो दोष होतो, असें त्याच्या विवेचनाचें सार आहे. आम्ही त्यास एवढेंच जोडूं कीं, मर्यादा दोन्हीं बाजूंस असते. संदेश पोंचण्याआधीं विझणें हा एक दोष. संदेश पोंचल्यावरही न विझणें हा दुसरा. सतत पेटलेला मनुष्य स्वतःस अन्यायाचा सर्वांत जागरूक शत्रु समजतो. परंतु त्या निळ्या प्रकाशानें भारलेल्या पेशीप्रमाणें त्याला नवा अन्याय दिसतो कीं जुन्याचीच झळ लागते, हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण याहून विलक्षण आहे. एका जातीच्या माश्यांत प्रकाशाचा संदेश पुढें नेणारें एक प्रथिनच नसतें. त्या जन्मांध असतात. त्यांच्या पेशींत प्रकाशानें कसलीच उत्तेजना उठत नाहीं. मग निदान त्यांच्या पेशी तरी सुरक्षित असाव्यात, नव्हे काय? पण त्याही उजेडांत झिजून मरतात. याचें कारण २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उलगडलें. रोडोप्सिनचें रूप तर पालटतें, अरेस्टिन येऊन त्यास बिलगतें; पण उत्तेजनाच न झाल्यामुळें कॅल्शियम आंत येत नाहीं, आणि कॅल्शियमवांचून अरेस्टिनची मिठी सुटत नाहीं. न सुटणाऱ्या या जोड्या पेशींत ओढल्या जातात, आणि पेशी त्यांनींच मरते. म्हणजे जो आवरतो त्यानेंही पुढें सोडलें पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका दुसऱ्या घरांत गेलेल्या मुलाचें नांव काढण्यास कोणासही परवानगी नाहीं. त्याचे फोटो कपाटांत गेले, त्याचे मित्र यावयाचे थांबले, त्याच्या आवडीचा पदार्थ घरांत होत नाहीं. बाहेरून पाहणारास वाटतें, किती धीराचीं माणसें! त्या घरांत शोक पेटूं दिला नाहीं, म्हणून तो निवलाही नाहीं. नुसता आवळून धरला आहे.

निरोगी पेशींत तसें होत नाहीं. तेथें अरेस्टिनची मिठी सुटते ती बहुधा दुसऱ्या किरणानें. मेटारोडोप्सिनवर नारिंगी छटेचा प्रकाश पडला कीं तें आपलें मूळ रूप घेतें, अरेस्टिन बाजूस होतें, आणि रेणू पुन्हां पाहण्यास सिद्ध होतो. माशीच्या डोळ्याचा लाल रंग हा प्रकाश आंत येऊं देतो. रेणू नाहींसा झालेला नसतो. तो तोच असतो, फक्त मोकळा झालेला असतो. निवणें आणि विसरणें यांतील भेद आम्हांस येथें सांपडला असें वाटतें. ज्या शांततेनंतर पुढच्या किरणास उत्तर देण्याची शक्ति शाबूत राहते, ती शमन. ज्या शांततेंत ती शक्तीच जाते, ती निबरपणा. मनुष्य किती काळ रडला यावरून त्याच्या प्रेमाची परीक्षा होऊं शकत नाहीं. रडणें थांबल्यावर दुसऱ्याचें रडणें त्याला ऐकूं येतें कीं नाहीं, आणि एखाद्या दिवशीं एखाद्या ओढणीच्या रंगावरून त्याचा स्वतःचा कंठ पुन्हां दाटून येतो कीं नाहीं, यावरून ती अधिक होते.

आमच्या पूर्वजांस पेशींची माहिती नव्हती. परंतु माणसाच्या मनाची होती. सुतकाची चाल आम्हीं तरुणपणीं निव्वळ रूढि म्हणून हेटाळली होती. आज तिच्यांतील शहाणपण आम्हांस अधिक दिसतें. दहा दिवस सुतक पाळावें लागतें, म्हणजे शोकास जागा द्यावीच लागते. कामाच्या गर्दींत तो दडपून टाकण्याची सोय नाहीं. आणि दहा दिवसांनीं सुतक फिटतें, म्हणजे शोक करणारास आपण होऊन "पुरे" म्हणण्याची लाज वाटूं नये म्हणून समाज त्याच्या वतीनें तें म्हणतो. तेराव्याच्या जेवणांत गोडाचा घांस आप्तेष्ट आग्रहानें घेववितात. तो घांस कोणास गोड लागत नाहीं. पण "तुला पुन्हां गोड खाण्याची मोकळीक आहे" हें त्या घांसानें सांगितलेलें असतें, आणि तें दुसऱ्यानें सांगावें लागतें. यानंतर विस्मरणाचीही सोय नाहीं, कारण वर्षश्राद्ध आहे, दर भाद्रपदांत पितृपक्ष आहे. श्राद्धाच्या दिवशीं तो रेणू पुन्हां हालवून पाहिला जातो. सुतकांत विधवांवर जे जाच लादले गेले त्यांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. तेथें समाजानें एका बाजूस आयुष्यभर पेटत राहण्याची सक्ति केली, आणि तिला पातिव्रत्य असें नांव दिलें. आमचे स्नेही स्वतःवर जो आरोप करीत होते तोच तेथें कायदा करून ठेविला होता.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाचें वर्णन करितांना कासवाचा दृष्टांत आला आहे. कासव जसें आपले अवयव आंत घेतें, तसा तो विषयांपासून इंद्रियें आवरून घेतो. हा दृष्टांत सांगतांना आंत घेण्यावरच सर्व भर दिला जातो. परंतु ज्यानें कासव पाहिलें आहे त्यास ठाऊक आहे कीं, भय टळतांच तें हळूच मान बाहेर काढून चालूं लागतें. मान बाहेर न काढणारें कासव मेलेलें असतें. आवरणें ही शक्ति आहे ती पुन्हां पसरतां येतें म्हणून. आमचा हा अर्थ भाष्यकारांस कितपत मान्य होईल याची आम्हांस शंका आहे. परंतु कासवास तो मान्य असावा.

इतका विचार झाल्यावर आम्ही स्वतःच एका रविवारीं स्नेह्यांच्या घरीं गेलों. चिलटांची कथा त्यांस सांगावी असा बेत होता. मुलीची खोली जशीच्या तशी ठेविलेली होती. टेबलावर तिचें अर्धवट लिहिलेलें वहीचें पान, त्यावर तिचा चष्मा. जेवणघरांत धाकटा मुलगा पुस्तक घेऊन बसला होता. त्याच्याविषयीं मागें एकदां त्याच्या आईनेंच आम्हांस सांगितलें होतें कीं, गेल्या वर्षीं त्याचा दहावीचा निकाल लागला तेव्हां त्यानें गुणपत्रक तीन दिवस दप्तरांतच ठेविलें, कारण तें कोणास दाखवावें हें त्यास कळेना. गुण चांगले होते. त्या घरांतील दिवा कोणीं मालवला नव्हता. मुलगा त्या दिव्याच्या झोतांत उभा असूनही दिसत नव्हता.

आम्हीं आमची कथा सांगितली. रोडोप्सिन, अरेस्टिन, ओगुची, सर्व क्रमानें सांगितलें. अध्यापकास दुसरी रीत येत नाहीं. स्नेही ऐकत राहिले. शेवटीं ते म्हणाले, "तुमचें म्हणणें पटलें असें मी म्हणणार नाहीं. अजून मला वाटतें कीं, ते अडीच तास मी तिच्यापासून चोरले." नंतर थोडा वेळ गप्प राहून, आवाज खालीं आणून ते म्हणाले, "एक मात्र त्या दिवशीं तुम्हांला सांगितलें नव्हतें. नाटकाची तिकिटें मी काढलीं नव्हतीं. यानें काढलीं होतीं, स्वतःच्या पैशांनीं. आणि मी नाटकाला हंसलों असेंही नाहीं. शेजारीं हा हंसत होता. पुष्कळ दिवसांनीं त्याला हंसतांना पाहिलें, म्हणून मला हंसूं आलें."

आम्हीं त्यावर कांहीं बोललों नाहीं. जेवणघरांतून मुलानें विचारलें, "बाबा, चहा टाकूं का?" आणि आमचे स्नेही, आमच्याकडे पाठ करून, त्याला किती कप टाकावयाचे तें सांगण्यास आंत गेले.